शेऱ्याचा रकाना

'अप्रशिक्षित हातांमुळे पशुपालकांचे मोठे नुकसान होत आहे.' हे वाक्य माझं आहे. मागच्या महिन्यात दोन जुने सहकारी घरी आले होते. गावोगाव कृत्रिम रेतन करणारी मुलं आता गाभण तपासणीही करू लागली आहेत, काहींकडे हातात मावणारी सोनोग्राफीची यंत्रं आली आहेत, पडद्यावर काळंपांढरं काहीतरी दाखवतात आणि पैसे घेऊन पुढच्या गोठ्यात जातात, हे थांबलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. गाभण तपासणी नोंदणीकृत पशुवैद्यकानंच करावी असं निवेदन द्यायचं ठरलं आणि मसुदा माझ्याकडे आला. नोकरीत असतानाही असले मसुदे माझ्याकडेच यायचे.

वाक्य लिहून झालं आणि पुढचं सुचेना. 'अप्रशिक्षित' या शब्दापाशी मी अडलो. माझ्या हातून एका गाईचा गाभ गेला आहे, आणि तो हात प्रशिक्षित होता. पदवी घेतलेला, पशुवैद्यक परिषदेच्या नोंदवहीत क्रमांक असलेला, सरकारचा पगार घेणारा हात. त्या गाईबद्दल मी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोलाही नाही.

२०१३ चा मार्च. माणदेशात दुष्काळ होता, चारा छावण्या चालू होत्या. उसाचं वाढं, पाण्याचे टँकर, बांबूंवर ताणलेली हिरवी जाळी आणि तिच्या सावलीत दाव्याला दावं लागलेली शेकडो जनावरं. एका जागी एवढी जनावरं सापडतात म्हणून आम्ही तिथंच वंध्यत्व निवारण शिबिर घेतलं. किती जनावरं तपासली, किती उपचार केले, हा आकडा संध्याकाळी वर कळवायचा होता. दुपारी दोनपर्यंत साठाच्या वर गाई-म्हशी तपासून झाल्या होत्या आणि खांद्यापासून हात भरून आला होता.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं, की हे निदान डोळ्यांचं नाही. हात गुदाशयातून आत जातो आणि त्याच्या भिंतीआडून खालचं गर्भाशय बोटांनी चाचपायचं असतं. साधारण पाच आठवड्यांनंतरचा गाभ कसलेल्या बोटांना कळू लागतो. गर्भाशयाचं एक शिंग दुसऱ्याहून किंचित फुगीर लागतं, आत पाणी असल्यासारखं. ते चिमटीत धरून अलगद सोडलं की आतलं पातळ वेष्टन बोटांतून निसटतं, रेशमाचा दोरा सुटावा इतकंच. पुढे तीन-चार महिन्यांचा गाभ झाला की गर्भाशयाच्या धमनीची थरथर बोटाला लागते आणि शंका उरत नाही. त्याआधीच्या दिवसांत मात्र हात शांत ठेवावा लागतो, आतडं ढिलं पडेपर्यंत थांबावं लागतं, आणि नाहीच कळलं तर 'नाही कळलं' म्हणावं लागतं.

ती गाय जर्सी संकरित होती, तांबूस, कपाळावर चांद. सोबत घरची बाई होती, नवरा टँकरच्या रांगेत. गाय व्यायल्याला सात महिने झाले होते, दूध आटत आलं होतं आणि ती माजावर येत नव्हती. मी हात घातला. उजव्या अंडाशयावर पीतपिंड लागला. गर्भाशय पुरतं चाचपलं नाही. गाय कुंथत होती, मागून कुणीतरी "सायेब, आमची बी बघा" म्हणून ओरडत होतं. मी म्हणालो, "पिंड अडकलाय, इंजेक्शन देऊ, तीन दिवसांत माजावर येईल." बाई म्हणाली, "सायेब, दोन म्हैन्यामागं शेजारच्यांचा वळू सुटला हुता..." माझं लक्ष सिरिंजमध्ये होतं. शेजारी तात्या उभे होते. आमचे पशुधन पर्यवेक्षक, पदविकेवर भरती झालेले, आधी सायकलीवरून आणि मग मोटारसायकलीवरून तीस वर्षं तोच पट्टा फिरलेले. ते हळूच म्हणाले, "साहेब, एकवार मी बघू का? गाभण वाटतीय." मी म्हणालो, "तात्या, रांग बघा."

गाय माजावर न येण्याचं सगळ्यात पहिलं कारण ती गाभण असणं, हे आम्हाला सुरुवातीलाच शिकवलेलं असतं. गाभण नाही याची खात्री झाल्याशिवाय प्रोस्टाग्लँडिन टोचायचं नाही, हेही. ते औषध पीतपिंड विरघळवतं, आणि गाईचा गाभ सुरुवातीचे महिने त्याच पिंडाच्या आधारानं टिकतो. यातलं मला काहीही नवं नव्हतं. म्हणून मी याला अज्ञान म्हणू शकत नाही.

चौथ्या दिवशी बाई दवाखान्याच्या पायरीवर आली. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फडकं. दोन महिन्यांचा गर्भ उंदराएवढा असतो. चारही पाय कळत होते.

मी तिला म्हणालो, "ऊन आहे, छावणीत गर्दी आहे, एखादा संसर्ग असेल. गाईचं रक्त तपासायला पाठवू." ब्रुसेलोसिससाठी नमुना पाठवला. अहवाल आला, रोग नव्हता. तो कागद मी तिला दाखवला आणि म्हणालो, "काळजी करू नका, सांसर्गिक गर्भपाताचा रोग नाही." वाक्य खरं होतं, आणि खोटं बोलायची अशी रीत मला तोवर माहीत नव्हती. बाईनं हात जोडले आणि ती गेली. तात्या आत कपाटाशी लशीच्या बाटल्या मोजत होते. ते काही बोलले नाहीत.

शिबिराच्या नोंदवहीत त्या गाईपुढे माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं: गाभण नाही, पीतपिंड, उपचार केला. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो कोरा होता आणि मी तो कोराच ठेवला. त्या संध्याकाळी वर गेलेल्या आकड्यात ती गाय उपचार झालेल्यांत मोजली गेली होती. नंतर ती कुठल्याच आकड्यात आली नाही.

आणि आता मी लिहीत होतो, अप्रशिक्षित हातांमुळे नुकसान होतं.

कायदा मला पाठ आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियमाचं कलम ३० सांगतं, की पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानंच करावा. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी अशी प्राथमिक मदत म्हणजे किरकोळ पशुवैद्यकीय सेवा. ती पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या माणसाला नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली आणि निर्देशानुसार देता येते, आणि त्या यादीत आणखी काय घालायचं ते राज्य सरकारनं अधिसूचनेनं ठरवायचं. गाभण तपासणीचं नाव मूळ कलमात नाही. महाराष्ट्रात या यादीवरून पदवीधर आणि पदविकाधारक वर्षानुवर्षं समोरासमोर उभे आहेत. मीही उभा राहिलो आहे. सभांमध्ये 'देखरेखीखाली' हा शब्द मी आवाज चढवून वाचत असे.

तात्यांवर मी कसली देखरेख केली? आमच्या तालुक्यातले श्रेणी-२ चे दवाखाने तात्यांसारख्यांच्या जिवावर चालायचे. ते तीस-चाळीस किलोमीटरवरच्या वस्तीवर गोठ्यात उभे असायचे आणि मी तालुक्याच्या गावी बसून महिन्याच्या अहवालावर सही करायचो. ती सही हीच देखरेख. त्यांची बरोबर आलेली निदानं माझ्या आकड्यांत आली. त्यांचं चुकलं आणि तक्रार झाली तेव्हा 'पर्यवेक्षकाची चूक' असं मी तीन वेळा लेखी कळवलं आहे. तीनदा मी खुलासा मागवला, आणि माझ्या एका चुकीचा खुलासा मागणारं कुणी नव्हतं. यातली विषमता मला त्या वेळी दिसली नाही असं म्हणणं सोपं आहे. दिसली होती. सोयीची होती.

आणखी एक गोष्ट लिहून टाकतो. मी पदवी घेऊन रुजू झालो तेव्हा माझा हात किती जिवंत गाभण गाईंत गेला होता? आठवून मोजल्या तर तीसही भरत नाहीत. बाकी सगळं बरण्यांतल्या नमुन्यांवर आणि फळ्यावर. निसटणारं वेष्टन बोटाला पहिल्यांदा कळलं ते एका वस्तीवर, तात्या बाजूला उभे राहून "साहेब, दाबू नका, नुसतं धरा आणि सोडा" म्हणत असताना. पदवीनं मला अधिकार दिला आणि तात्यांनी हात दिला. शिबिरात मी त्यांनी दिलेला हात वापरत होतो आणि त्यांनाच रांग दाखवत होतो.

म्हणून कुणीही उठून गाईत हात घालावा असं मी म्हणू का? नाही. मला वाटणारी भीती खरी आहे आणि ती मी मागे घेत नाही. घाईत किंवा जोर लावून घातलेल्या हातानं गुदाशय फाटतं आणि गाय दगावते. एकाच हातमोज्यावर अख्खी वस्ती तपासणारी माणसं मी पाहिली आहेत. ती गाभण सांगतात आणि मागे रोग सोडून जातात. गर्भाशयात पू भरलेला असतो, कधी आत मेलेलं वासरू वाळून बसलेलं असतं. 'आहे' आणि 'नाही' एवढंच शिकलेला हात त्याला गाभ समजतो. आणि 'रिकामी' हा शब्द साधा नाही. गाभण गाईला बाजारात जो भाव, तो रिकामीला नाही. रिकामी ठरलेली म्हैस बहुतेकदा खाटकाकडे जाते. रिकामी ठरलेल्या गाईला महाराष्ट्रात तोही रस्ता कायद्यानं बंद आहे, मग घरची वैरण संपत आली की तिचं काय होतं ते रस्त्यारस्त्यावर दिसतं. दोन-तीन महिन्यांच्या शिक्षणावर आणि थोड्याशा सरावावर हा शब्द उच्चारायची मोकळीक मिळू नये, असं मला आजही वाटतं.

पण या खऱ्या भीतीच्या आडोशाला मी आणखी काय काय बसवलं आहे, ते बघणं भाग आहे. निवृत्तीनंतर मी दोन मोठ्या गोठ्यांवर महिन्यातून एकदा तपासणीला जातो आणि त्याचे पैसे घेतो. यंत्र घेऊन फिरणारी पोरं निम्म्या पैशांत तेच काम करतात. निवेदनात हे कुठं होतं? शिवाय मान. गोठ्यात 'डॉक्टर' म्हणून ज्या हाकेची सवय झाली, ती हाक आता विशीतल्या पोराला मारलेली ऐकली की आत काहीतरी दुखतं. गाईसाठी दुखत नाही. पशुपालकाचं नुकसान हे कारण मी सगळ्यात वर लिहिलं, कारण बाकीची दोन लिहिण्यासारखी नव्हती.

उरळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था उभी केली, तेव्हा प्रश्न हाच होता. पदवीधर डॉक्टर दारोदार पोहोचणार नव्हता. मग तेवढ्या कामाचं शिक्षण दिलेली माणसं शेतकऱ्याच्या दारात रेतनाला जाऊ लागली, आणि भरवून अडीच-तीन महिने झाले की पुन्हा येऊन गाय फळली का उलटली ते बघू लागली. माझ्या भागातल्या कितीतरी घरांची दुधाची कमाई अशा माणसांच्या पायपिटीवर उभी राहिली आहे. ब्रिटनमध्येही १९६६ च्या पशुवैद्यक कायद्यातून वाट काढून २०१० साली एक आदेश निघाला. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पार केलेल्या, पशुवैद्यक नसलेल्या माणसाला गाईची गुदाशयातून सोनोग्राफी करून गाभ बघण्याची मुभा त्यानं दिली. उपचाराची नाही, बघण्याची. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. त्या छावणीत बघणारा आणि टोचणारा एकच होता आणि तो मी होतो. बघणाऱ्याला टोचायचा अधिकार नसता, तर त्यानं निदान कुणाला तरी विचारलं असतं. तात्यांना टोचायचा अधिकार नव्हता, म्हणूनच त्यांना अजून एकदा बघायचं होतं.

यंत्रांबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तिथं प्रश्न गाईपुरता राहत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात सगळ्यात आधी कायदा केला तो महाराष्ट्रानं, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात ८९४ मुली होत्या आणि बीड जिल्ह्यात ८०७. गर्भाचं लिंग दाखवू शकणारं कुठलंही यंत्र नोंदणी नसलेल्याला विकायचं नाही, हे बंधन मुलींची संख्या घटत चालल्यामुळं त्या जनगणनेआधीच आलं होतं. आम्ही बैठकांत त्याला जाच म्हणायचो. गुरांच्या डॉक्टरांना यात कशाला ओढता, असा ठरावही एकदा मी लिहिला होता.

त्याच सुमारास एका गोठ्यात प्रात्यक्षिकासाठी यंत्र आणलेलं असताना गावातले एक प्रतिष्ठित गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "डॉक्टर, ह्यात बाईमाणसाचं दिसंल का?" मी म्हणालो, "हे जनावरांचं आहे." एवढंच. तुम्ही जे विचारताय तो गुन्हा आहे, असं म्हणालो नाही. त्यांच्या घरी चहाला गेलो. आत त्यांची सून वावरत होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही. पुढे त्या घरात काय झालं ते मी कधी विचारलं नाही, आणि न विचारणं हे माझं नेहमीचं कौशल्य आहे हे आता मला कळतं.

त्या कायद्यातली एक तरतूद मला हल्ली झोपू देत नाही. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद ठेवावी लागते, आणि ती अपुरी किंवा चुकीची असेल तर उलट सिद्ध होईपर्यंत तोच कायद्याचा भंग धरला जातो. कोरा रकाना हाच दोष. या कठोरपणाबद्दल डॉक्टरांची तक्रार आहे, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली, आणि २०१९ मध्ये न्यायालयानं ती तरतूद कायम ठेवली. ते वाचताना मला छावणीतली नोंदवही दिसत होती. गाईच्या कानात आता बारा अंकी बिल्ला असतो. कोणत्या तारखेला भरवली, कोणी भरवली, तपासणीत काय निघालं, हे त्या क्रमांकावर नोंदवता येतं. तपासणाऱ्याचं चुकलं, तर ते लिहायला त्याला कुणी भाग पाडत नाही. मी अधिकार कुणाला असावा यावर पंचवीस वर्षं बोललो. अधिकार असलेल्यानं चूक झाल्यावर काय करावं यावर एकदाही बोललो नाही.

मसुदा मी परत लिहिला. पहिलं वाक्य काढलं. शिकवणी किती महिन्यांची यापेक्षा किती गाईंवर आणि कोणासमोर परीक्षा झाली ते बघा, असं लिहिलं. बघणं आणि टोचणं वेगळं ठेवा, असं लिहिलं. आणि तपासणारा पदवीधर असो, पदविकेचा असो वा गावचा मुलगा, त्याचं प्रत्येक निदान आणि प्रत्येक चूक नोंदली जावी, पशुपालकाला ती नोंद बघता यावी, असं लिहिलं. सहकाऱ्यांना पाठवलं. अजून उत्तर नाही.

त्यानंतर मी त्या गावी गेलो. तात्या चार वर्षांपूर्वी गेले, त्यांना सांगायचं राहून गेलं. बाईचं घर सापडायला वेळ लागला नाही. आता गोठ्यात सहा गाई आहेत. मला ओळखून तिनं पाणी दिलं. मी बसलो आणि सांगितलं. वळू सुटल्याचं तुम्ही म्हणत होता, मी ऐकलं नाही, गाय गाभण होती, माझ्या इंजेक्शननं गाभडली, आणि नंतर मी तुम्हाला रक्ताचा कागद दाखवून गप्प केलं.

ती म्हणाली, "तात्यांनी तवाच सांगितलं हुतं."

मी विचारलं, "मग ताई, तुम्ही मला काही बोलला का नाही?"

"बोलून? तालुक्याला डाक्टर तुमी येकलंच. पुन्यांदा गाय अडली तर कुनाला बोलवायचं?"

म्हणजे तिनं हात जोडले तेव्हा तिला सगळं माहीत होतं. मी काही बोललो नाही. त्या गाईचं पुढं काय झालं ते विचारलं. त्याच साली विकली, म्हणाली, छावणी उठायच्या आत. किती आले ते तिला अजून पाठ होतं आणि तिनं तो आकडा सांगितला. मी पैशाचं बोलायला लागलो तर ती उठून गोठ्याकडे गेली.

"आलायसा तर ही एक बघून जावा," तिथून ती म्हणाली.

मी विचारलं, "कधी भरवली?" तिनं घरात जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर आणलं. तारखेभोवती पेनानं गोल काढला होता आणि शेजारी गाईचं नाव. सदतीस दिवस झाले होते. मी म्हणालो, "आधी सगळं सांगा." ती सांगत गेली. माज किती टिकला, सोट कसा होता, कांडी भरायला कोण पोरगा आला होता, मागच्या वेताला वार पडायला किती वेळ लागला. मी मधे बोललो नाही. मग हातमोजा चढवला, आत थांबलो, बोटं शांत ठेवली. एक शिंग जरा भरल्यासारखं वाटत होतं. खात्री नव्हती.

"ताई, आज मला नक्की सांगता येत नाही. तीन आठवड्यांनी पुन्हा बघावी लागेल. तोवर हिला काही टोचू देऊ नका."

तिनं कॅलेंडरचं पान उलटलं, बोटानं दिवस मोजले आणि एका तारखेभोवती गोल काढला. "काय लिहू?" तिनं विचारलं.

मी पेन मागून घेतलं आणि गोलाशेजारी लिहिलं: कळलं नाही. खाली सही केली.